स्वर्गातला कोट

त्या गुरुवारी मठाच्या पत्र्याच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. वावरात कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या, कारण तालुक्यातल्या निम्म्या बाया टाकळझरीच्या नाल्याकाठी या मांडवात येऊन बसल्या होत्या. प्रत्येकीच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं. ती वर्षंच तशी होती. यवतमाळ जिल्ह्यात मरणाचं पीक जोरात होतं, आणि पीक जोरात असलं की दलाल आपोआप येतात. हा दलाल भगव्या कपड्यात आला होता.

जलदर्पण महाराज म्हणायचे त्याला. दिवाळीनंतर आला आणि पेरल्यासारखा उगवला. मेलेल्या माणसाचा चेहरा तो पाण्यात आणून दाखवायचा.

"जल म्हणजे मेमरी!" महाराज पितळी परातीपुढं बसून सांगत होता. "पाण्याले सगळं आठवते, माय! ज्याची राख नदीत गेली त्याचं रूप पाण्यात राहतेच राहते. हे मी नाही सांगून राह्यलो, अमेरिकेतले सायंटिस्ट सांगून राह्यले. त्याइले आत्ता समजलं, आपल्या ऋषीमुनीले पह्यलेच माहीत होतं!"

अमेरिकेतल्या कोणत्या सायंटिस्टनं सांगितलं, हे विचारायची त्या मांडवात कोणाची टाप नव्हती. एकच बाई मनातल्या मनात दातओठ खात उभी होती. विमलताई. हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्या दिवशी वर्ग ओस पडला होता म्हणून पोरं शोधत आल्या होत्या, असं त्या सांगत. खरं तर त्या एका पोरीसाठी आल्या होत्या. पायल त्यांची विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात शाळेत पहिली आलेली, बारावी व्हायच्या आत लग्न लागलेली, आणि गेल्या पावसाळ्यात विधवा झालेली. तिचा नवरा रवी वावरात पिकाच्या ओळींतून डवरणी करताना साप चावून मेला.

पायल खांबाला टेकून उभी होती. तिची सासू तुळसाबाई परातीपुढं हात जोडून बसली होती.

महाराजाचा चेला उमानंद पुढं आला. पांढरा सदरा, गळ्यात रुद्राक्ष, हातात कागद. त्यानं कागद दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवला. कोरा. पांढराशुभ्र. तो परातीतल्या पाण्यात सोडला. महाराजानं डोळे मिटले, बोटं पाण्यात घातली आणि कागदावरून गोल गोल फिरवली. पाणी हळूहळू दुधासारखं पांढरं झालं.

"क्षीरसागर!" उमानंद ओरडला. मांडवातली माणसं हात जोडून पुढं सरकली.

दुधाळ पाण्याखालून आधी काळे केस वर आले. मग कपाळ. मग डोळे, मिशी, कोट. होय, कोट.

"रवी! माह्या सोन्या!" तुळसाबाईनं अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले.

चेहरा रवीचाच होता. यात विमलताईंनाही शंका नव्हती. त्या लग्नाला गेल्या होत्या. पायल खांब सोडून दोन पावलं पुढं आली आणि तिथंच खाली बसली. तिच्या घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा होता, त्यात माणूस की मेंढा हे कळत नव्हतं. भिंतीवर लावायचा मोठा फोटो घाटंजीच्या स्टुडिओत करायला टाकला होता. त्याच पावसाळ्यात वीज कडाडली, स्टुडिओचा कॉम्प्युटर गेला आणि लग्नाच्या फोटोंसकट सगळे फोटो गेले. स्टुडिओवाल्या नासिरभाईंनी हात जोडून माफी मागितली होती. साऱ्या तालुक्याला माहीत होतं. जे जगात उरलंच नव्हतं ते महाराजानं पाण्यातून काढलं होतं.

महाराजानं परातीला कान लावला.

"बोलून राह्यला... हौ बेटा, बोल... म्हणते, मले सापानं नाही मारलं. साप कोणीतरी धाडला."

महाराजानं पुन्हा कान लावला.

"घरातलंच माणूस आहे. ज्या दिवशी बांगड्या फोडल्या त्या दिवशी जिच्या डोळ्यात पाणी नव्हतं."

सगळ्या माना पायलकडं वळल्या. अंत्यसंस्काराच्या दिवशी पायल रडली नव्हती. दगडासारखी बसली होती. दुःखानं माणूस दगड होतो हे त्या प्रत्येक बाईनं आपापल्या घरात अनुभवलं होतं, पण त्या घडीला एकीलाही ते आठवलं नाही.

"पुढच्या गुरुवारी सत्त्वपरीक्षा," महाराजानं सांगून टाकलं. "उकळत्या तेलातून रुपया काढाचा. करणी नसन केली तं हात फुलासारखा राहीन. केली असन तं..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"महाराज!" विमलताईंचा आवाज वर्गात चढतो तसा चढला. "तुमचं सत्त्व तर सगळ्यांत मोठं. आधी तुम्ही रुपया काढून दाखवा!"

महाराज गोड हसला. "बाई, माह्यावर आळ आहे का?"

मांडव खदाखदा हसला. "शाळा सोडून इथं काय करून राह्यल्या मास्तरीणबाई?" मागून कोणीतरी टोमणा मारला. विमलताई बाहेर पडल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. भारनियमनाची वेळ होती, घाटंजीपासून टाकळझरीपर्यंत एक दिवा नव्हता. पण मठाच्या मागच्या बंद खोलीतून जनरेटरचा धडधड आवाज येत होता. दारावर पाटी होती, ध्यानकक्ष. विमलताई क्षणभर थांबल्या. ध्यानाला जनरेटर कशाला लागतो?

पोलीस ठाण्यात त्यांना चहा मिळाला. तक्रार कोणी घेतली नाही.

"ताई, अजून काही घडलंच नाही. कशाची तक्रार घेऊ?"

"म्हणजे पोरीचा हात जळू द्यायचा आणि मग यायचं?"

"ती सज्ञान आहे. सोताहून हात घालतो म्हणाली तर आम्ही काय करावं? अन् देवाधर्माच्या गोष्टीत लोक भडकतात." तेव्हा जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला नव्हता. मुंबईत त्याच्यावर चर्चा चालू होती, आणि चर्चेनं कढईतलं तेल थंड होत नाही.

दुसऱ्या दिवशी विमलताई तुळसाबाईच्या घरी पोचल्या. पिशवीतून एक कागद काढला, कोरा पांढरा. परात मागितली. कागद पाण्यात टाकून बोटं फिरवली. पाणी दुधाळ झालं आणि कागदातून शाळेच्या सहलीचा फोटो वर आला.

"कायचा क्षीरसागर, तुळसाबाई? फोटोवर पातळ प्लास्टिक चढवायचं, त्यावर खडूची पूड डिंकात कालवून सारवायची. वाळलं की कोरा कागद. पाण्यात चोळला की खडू सुटतो. फळ्यावर लिहितो तोच खडू हो. लोक तिथं तेच तीर्थ म्हणून प्यायले."

तुळसाबाईनं परातीकडं पाहिलं. बाई अडाणी होती, मूर्ख नव्हती.

"बरं. खडू तं खडू. पण मले एक सांगा मास्तरीणबाई. तुम्ही सहलीचा फोटो आणला, कारण तो तुमच्यापाशी होता. माह्या लेकाचा फोटो कोणापाशी होता? नासिर म्हणे, फोटो गेला. मंग बाबानं कुठून आणला?"

विमलताई सहलीचा ओला फोटो पिशवीत घालून उठल्या. बाईनं त्यांना त्यांच्याच विषयात नापास केलं होतं.

हातपंपावर पायल उभी होती. तिला एकटीला कुठं सोडत नव्हते, तिची थोरली जाऊबाई दुरून नजर ठेवून होती.

"पोरी, तू पळ. माझ्या घरी चल. आत्ता."

"कायले पळू? पळालो तं म्हणतीन, होतीच चेटकीण." पायलनं हंडा भरायचं थांबवलं नाही. "मॅडम, एक गोष्ट मले खाऊन राह्यली. त्याइनं जिंदगीत कोट घातला नाही. लग्नातबी नाही. मामांनी भाड्याचा आणलता तं म्हणे, गरम होते. अन् पाण्यात आले तं कोट घालून! खिशात लाल गुलाब. मले हसाव का रडाव समजलं नाही."

विमलताई तिच्याकडं पाहत राहिल्या. भर मांडवात शेकडो लोकांनी तो कोट पाहिला होता. त्यांनी स्वतः पाहिला होता. माणूस रडत असला की काय पाहतो आणि काय पाहत नाही!

"बाकीच्यांचे मेलेले कसे येतात गं?"

"तसेच," पायल म्हणाली. "मागच्या खेपेला तो म्हातारा आला, त्याच्याबी अंगात कोट. बाया म्हणे, स्वर्गात भेटते."

विमलताई थेट घाटंजीला गेल्या, बसस्थानकाजवळ, नासिरभाईंच्या स्टुडिओत. नासिरभाई काउंटरवर होते. त्यांची बायको फरहाना पडद्यामागं कॉम्प्युटरवर बसायची. फोटो काढायचे त्यांनी, कापायचे आणि सजवायचे तिनं.

त्या वर्षांत स्टुडिओचा मोठा धंदा लग्नाचा नव्हता, मयताचा होता. माणूस मेला की घरचे लग्नातला गर्दीचा फोटो सांगत, 'तो मागं उभा आहे तो.' फरहाना तो चेहरा अलगद कापायची, मागं निळा रंग भरायची आणि गळ्याखाली कोट बसवायची. जन्मभर बंडीवर राहिलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन लटकायचा. घरच्यांना ते आवडायचं. जिवंतपणी जे देता आलं नाही ते मेल्यावर द्यायची ती आपली रीत.

"नासिरभाई, त्या कोटाच्या खिशात काय असतं?"

"गुलाब. लाल. का हो ताई?"

विमलताईंनी सांगितलं. नासिरभाईंचा चेहरा उतरला. पडदा बाजूला सारून फरहाना बाहेर आली.

"तो कोट यांचा आहे," ती म्हणाली. "आमच्या निकाहचा. खुंटीवर टांगून मीच त्याचा फोटो काढला होता. जगात दुसरीकडं तो कोट असूच शकत नाही."

"पण फोटो तर गेले होते ना?"

"मला कॉम्प्युटरवाल्यानं तसंच सांगितलं ताई. यवतमाळला उमाकांत म्हणून होता दुरुस्तीवाला. म्हणे डी ड्राइव्ह उडाली, पार्टिशन गेलं, आता त्यात काही नाही. नवीन हार्ड डिस्क बसवून दिली. जुनी म्हणे भंगार आहे, राहू द्या माझ्याकडं. मी ठेवून आलो." नासिरभाईंनी कपाळाला हात लावला. "मी फोटोग्राफर माणूस. मला काय ठाऊक?"

"उमाकांत," विमलताई म्हणाल्या. "आणि तिथं चेल्याचं नाव उमानंद."

मग फरहानानं कपाटातून तिच्या कॉम्प्युटरच्या क्लासची जुनी पुस्तकं काढली, पानं उलटली, एका पानावर थांबली आणि नवऱ्याच्या अंगावर पुस्तक जवळजवळ फेकलंच. "पार्टिशन गेलं म्हणजे फोटो गेले असं होतच नाही! चांगला जाणकार असला तर परत काढता येतात. त्यानं काढलेत!"

"मग झालं की," विमलताई म्हणाल्या. "गुरुवारी तुम्ही मांडवात चला आणि हे सांगा."

नासिरभाई उठून दुकानाच्या दारात गेले, रस्त्यावर पाहिलं आणि परत आले. "ताई, माझं नाव काय आहे? नासिर. मी मांडवात उभं राहून बाबाला खोटं म्हणू? गोष्ट फोटोची राहील का? दुसऱ्या दिवशी हे दुकान राहील का? अन् पुरावा काय? डिस्क त्यांच्या घरात. मी म्हणेन माझा कोट, तो म्हणेल स्वर्गातला."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हे लिहिताना राग येतो, पण खोटं नव्हतं.

"दुकान नाही राहिलं तर दुसरं टाकू," फरहाना म्हणाली. "त्या पोरीला दुसरा हात कुठून आणायचा?" मग ती एकदम थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की विमलताईंना आधी ती रडते आहे असं वाटलं. ती हसत होती. "अहो, उकंडा आजोबा!"

"कोण उकंडा?"

तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला उकंडा नावाचा एक म्हातारा राहत होता. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं, मरणाला किळस यावी म्हणून. पोरं आपल्यामागं फोटो लावतील याचा त्याला भरवसा नव्हता. म्हणून त्यानं स्वतः येऊन स्वतःचा मयताचा फोटो करायला टाकला होता. 'कोट घाला, गुलाब घाला, हारबी घाला. मले पाहू तं द्या मी मेल्यावर कसा दिसतो.' फरहानानं पोटभर हसून तो केला आणि बाकीच्या मयतांबरोबर ठेवला. फाइलीला नाव दिलं, तसं सगळ्यांनाच द्यायची, माणसाचं आणि गावाचं.

"आणि महाराज काय म्हणतो?" विमलताईंचे डोळे चमकले. "मेलेल्याचं नाव आणि गाव आधी कळवायचं, तो समाधीत शोध घेतो. नाव त्या डिस्कमध्ये नसलं की म्हणतो, आत्मा दुसऱ्या जन्मात गेला. दूरच्या झरी जामणी तालुक्यातून आलेल्या बाया म्हणूनच रिकाम्या हातानं जातात! तिकडच्या लोकांचे फोटो तुम्ही काढतच नाही."

उकंडा जिवंत होता का? विमलताई त्याच दिवशी बसनं गेल्या. म्हातारा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. सगळं ऐकल्यावर त्यानं एकच विचारलं.

"म्हणजे मी मेलो असं सांगाचं?"

"तुमच्या लेकीनं सांगायचं."

त्याची लेक उर्वशी बाभुळगावला दिलेली, माहेरी आली होती. "मी नाही सांगत!" ती म्हणाली. "असं अभद्र कोणी बोलते का?"

"बोल वं," उकंडा म्हणाला. "बोलल्यानं मरतो तं मी कवाचाच मेलो असतो. तुही माय रोज म्हणे."

उर्वशीनं शेवटी मठात नाव कळवलं.

गुरुवार उजाडला. मांडवाबाहेर तीन दगडांवर कढई चढली होती. तेलातून धूर निघत होता. त्या दिवशी गर्दी आठवड्यापूर्वीपेक्षा जास्त होती. फोटो पाहायला नव्हे, हात जळताना पाहायला. हे लिहायला जड जातं, पण मी ते झाकणार नाही.

विमलताईंचा सगळा बेत एका गोष्टीवर अडून होता. आधी परात, मग कढई. उमानंदानं पुढं येऊन जाहीर केलं, "पह्यले सत्त्वपरीक्षा!"

विमलताईंनी मागं वळून उर्वशीकडं पाहिलं.

पायलला दोघींनी धरून आणलं. तिनं त्यांचे हात झटकले आणि एकटी चालत आली. महाराजानं रुपया कपाळाला लावून तेलात टाकला. चर्र असा आवाज झाला. पायलनं पदर खोचला, उजव्या हाताची बाही वर सारली.

"थांबा!" विमलताई गर्दीत घुसल्या. दोन चेले आडवे आले. एकानं त्यांना खांद्याला धरून मागं लोटलं.

तेवढ्यात मांडवाच्या मधोमध असा हंबरडा उठला की कढईजवळच्या बायाही वळल्या. उर्वशी जमिनीवर लोळत होती.

"माह्या बाबाले आणा व! पह्यले माह्या बाबाले आणा! माह्या सपनात येऊन राह्यला, म्हणते मले बोलू दे! तो त्या घरात गेलता, त्याले माहीत आहे करणी कोणं केली!"

हे शेवटचं विमलताईंनी शिकवलं नव्हतं. पोरीनं जागच्या जागी रचलं. गर्दीला हाव सुटली. "आणा, आणा! म्हातारा सांगीन!" मांडव ओरडू लागला. महाराजाला परात मागवावी लागली. पायल कढईपुढं तशीच उभी राहिली, बाही वर केलेली, वाफ तोंडावर घेत.

कागद पाण्यात गेला. बोटं फिरली. पाणी पांढरं झालं. टक्कल वर आलं, सुरकुत्या, पांढऱ्या मिशा, कोट, गुलाब, गळ्यात हार.

"बाबा!" उर्वशीनं टाहो फोडला.

महाराजानं कान लावला. "हौ... हौ... म्हणते, मी लय तकलीफीत आहो. प्यासा भटकून राह्यलो. म्हणते, त्या पोरीच्या हातानंच..."

"कोण तकलीफीत आहे?" मागून आवाज आला.

डोक्यावरून घोंगडी काढत एक म्हातारा उठला. टक्कल, सुरकुत्या, पांढऱ्या मिशा. कोट नव्हता, बंडी होती. "माही तब्येत तं चांगली आहे. सकाळी दोन भाकरी खाऊन आलो."

मग "भूत! भूत!" करत आजूबाजूची माणसं अशी पांगली की उकंडाभोवती मोकळं रिंगण झालं. महाराज पक्का होता. एका क्षणात सावरला.

"भूतच आहे! पाह्यलं? परातीतून सुटलं! पकडा त्याले, काठी आणा!"

एका दांडग्यानं काठी उचललीसुद्धा. उर्वशी किंचाळली, आणि या खेपेला ते नाटक नव्हतं. ती धावत जाऊन बापाला बिलगली. "जिवंत आहे! माहा बाप जिवंत आहे!"

उकंडा काठीवाल्याकडं सरळ चालत गेला आणि तळहात पुढं केला. "चिमूटभर तंबाखू दे. भुतं तंबाखू खात नाहीत म्हणतात. पाहून घे."

काठीवाल्यानं त्याच्या हाताला बोट लावलं. मग मनगट धरलं. "गरम आहे," तो पुटपुटला. मग मोठ्यानं ओरडला, "अरे, माणूस आहे हा! नाडी लागून राह्यली!"

"मग परातीत कोण आहे?" गर्दीतून एक बाई म्हणाली.

हा प्रश्न त्या मांडवात पहिल्यांदा विचारला गेला. उशिरा, पण विचारला गेला.

"परातीत माझा कोट आहे."

नासिरभाई आले होते. गुरुवारची सकाळ होईपर्यंत येतो म्हणाले नव्हते. त्यांच्या हातावर एक काळा कोट होता. त्यांनी तो अंगात घातला. आता पोटावर बसत नव्हता. खिशाला कापडी लाल गुलाब टाचलेला होता. पंचवीस-तीस माणसांनी परातीकडं पाहिलं आणि नासिरभाईंकडं पाहिलं. तुळसाबाईनं गेल्या गुरुवारी परातीतून मिळालेला, छातीशी धरलेला रवीचा फोटो समोर धरला. तोच कोट. तोच गुलाब.

"अन् उमाकांतभाऊ," नासिरभाई उमानंदाकडं वळले, "माझी हार्ड डिस्क कुठं आहे?"

उमानंद मागच्या दाराकडं सरकत होता. काठीवाल्यानं त्याची मानगूट धरली. बाकीच्यांनी ध्यानकक्षाचं कुलूप दगडानं तोडलं. आत देव नव्हता, चटई नव्हती, उदबत्तीही नव्हती. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, फोटोवर प्लास्टिक चढवायचं यंत्र आणि खडूच्या पुडीची बादली. कॉम्प्युटरच्या पोटात नासिरभाईंची जुनी डिस्क होती, कडेला फरहानानं नेलपॉलिशनं लिहिलेलं दुकानाचं नाव तसंच. पडद्यावर चेहऱ्यांच्या रांगा. प्रत्येकाखाली नाव आणि गाव.

"मारा! हाना साल्याइले!" गर्दीचा राग आता दुसरीकडं वळला. विमलताई दारात आडव्या झाल्या.

"एक बोट लावू नका! पोलीस येत आहेत, मीच बोलावलेत. आता तरी तक्रार घेतील. आणि तुम्ही आधी ऐका. नाही तर उद्या दुसरा येईल आणि तुम्ही त्याच्याही पाया पडाल."

"ऐकाचं काय? नासिरनंच म्हटलं गेले फोटो. मंग आले कुठून?" काठीवाला गुरगुरला.

"तुमच्या दोघा भावांच्या वावरांमध्ये बांधाचा धुरा आहे ना?"

"आहे. त्याच्यावरून कोर्टात गेलतो."

"उद्या पुरानं तो धुरा वाहून गेला, हद्दीचा दगडही गेला. तलाठी आला. त्याला कळेना तुमचं वावर कोणतं. म्हणाला, तुमचं वावरच नाही. मग कापसाची उभी पऱ्हाटी गायब होते का?"

"कशी होईन? पऱ्हाटी तं जाग्यावरच राहीन."

"हेच झालं. डिस्क म्हणजे वावर. पार्टिशन म्हणजे धुरा. विजेनं धुरा मोडला. कॉम्प्युटरला फोटो कुठं आहेत हे सापडेना, म्हणून तो म्हणाला काही नाही. पण फोटो होते तिथंच उभे होते. जोवर कोणी त्यावरून नांगर फिरवून दुसरं पेरत नाही, तोवर ते राहतात. धुरा परत आखला की पीक दिसतं. याला विद्या म्हणतात. चांगली विद्या आहे. या माणसानं नासिरभाईंना खरं सांगून फोटो परत दिले असते, तर तुमच्या घराघरांत भिंतीवर चेहरे असते. त्यानं ते चोरले, खडू फासला आणि तुमचंच मरण तुम्हाला परत दाखवलं. वर एक पोर जाळायला काढली."

पाण्याची मेमरी आता महाराजाला आठवत नव्हती.

तुळसाबाई गर्दीतून पुढं आली.

"म्हणजे... माह्या रवीनं हिचं नाव नाही घेतलं?"

"मेलेला माणूस कोणाचंच नाव घेत नाही, तुळसाबाई. नाव जिवंत माणसं घेतात."

तुळसाबाई कढईपाशी गेली. सुनेचा उघडा हात दोन्ही हातांत धरला. "चाल माय. घरी चाल. बाबा खोटा निघाला. तू खरी निघाली."

बायांनी पदर डोळ्याला लावले. कोणाला वाटलं, झालं, संपलं. पोलिसांची गाडी नाल्यापलीकडं दिसत होती. पण पायल जागची हलली नाही. तिनं सासूच्या हातातून हात सोडवला. तेलाच्या वाफेनं तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं मांडवाकडं तोंड केलं.

"बाबा खोटा निघाला म्हणून मी खरी?" तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "अन् नासिरभाऊ आले नसते तं? उकंडाबाबा मेले असते तं? माहा हात या तेलात गेला असता. तेलात कोणाचाबी हात जळते. तुमचा जळन, माहा जळन, देवाच्या मूर्तीचा रंगबी जळन. मंग जळाला असता, अन् तुम्ही सगळे म्हटले असते, पाह्यलं, चेटकीण होती. मी तवाबी हीच असती. हीच पायल. मंग मी खरी कवा ठरली असती?"

ज्या दोघींनी तिला धरून आणलं होतं त्यांनी माना खाली घातल्या.

"तेलाखालची लाकडं काढा पह्यले," पायल म्हणाली. "मंग घरी येतो."

लाकडं काढायला पहिली तुळसाबाई वाकली. मग बाकीच्या.

वाचणाऱ्या बाई, बाबा, माय, काका, हे तुम्हालाही सांगणं आहे. महाराज तुरुंगात गेला की जामिनावर सुटला, हे मला विचारू नका. एक जाईल, दुसरा येईल, त्याच्याकडं आजच्यापेक्षा नवं यंत्र असेल. पाण्यात चेहरा दिसला तर भुलू नका असं मी म्हणत नाही. लेकाचा चेहरा दिसल्यावर कोणती आई भुलणार नाही? डोळे पुसा, रडा, मग विचारा: हा फोटो कोणी काढला? कोणाकडं होता? याच्याकडं कसा आला? एवढं विचारायला पदवी लागत नाही. आणि कोणी तुमच्या समोर एखाद्या बाईचा हात तेलाकडं ओढत असेल, तर चमत्कार खरा की खोटा हे नंतर पाहा. आधी लाकडं काढा.